मधलं झाड

मुरलीधर घैसासांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट सरळ घेतली नाही. दुबईत अल मनखूलमधल्या त्यांच्या फ्लॅटवर गॅसचा सिलिंडर आला, की ते आधी तो उचलून बघायचे, मग हलवून बघायचे आणि मग आणणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघायचे. भाजीवाल्याने कोथिंबिरीच्या जुडीवर चार मिरच्या फुकट टाकल्या, तर घरी आल्यावर त्या मिरच्या ट्यूबलाइटखाली उलटसुलट व्हायच्या. "फुकट का दिल्या? कुठेतरी पाणी मुरतंय," हे त्यांचं पालुपद. त्यांची बायको कुंदा त्या मिरच्या मुकाट्याने हातातून घेऊन फोडणीत टाकायची. मुलगी अस्मी दुबईतच वाढलेली. ती "बाबा, नॉट एव्हरीथिंग इज अ कॉन्स्पिरसी," म्हणायची आणि आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची.

माणूस जन्मतः असा नसतो हो. घैसास पुण्याहून पहिल्यांदा दुबईला आले ते दादरच्या एका एजंटाच्या भरवशावर. मोठी कंपनी, एसी ऑफिस, ड्राफ्ट्समनची नोकरी, असं सगळं सांगितलेलं. विमानतळावरून पत्ता शोधत गेले, तर कंपनी म्हणजे नुसती एक पाटी, आणि पाटीमागे गोण्या भरलेलं गोदाम. दुसरं काम मिळेपर्यंत त्या गोण्यांवर झोपले. तेव्हापासून जो संशय अंगाला चिकटला तो चिकटलाच.

पुढे बर दुबईतल्या एका कन्सल्टन्सीत ते लागले आणि तिथेच राहिले. काम काय, तर दुसऱ्यांनी आखलेल्या घरांची बाथरूम काढायची. नळ कुठे, टाइल कुठून सुरू, पाण्याचा उतार कुठल्या बाजूला. शेखांच्या व्हिलांपासून मरीनाच्या नव्या टॉवरपर्यंत पुढे सगळीकडे यांचेच उतार. घराच्या पुढच्या बाजूला हात लावायची पाळी मात्र कधी आली नाही. त्यात सत्त्याण्णव साली ऑफिसात संजय नावाचा तरणाबांड आर्किटेक्ट आला, त्याच्याबरोबर कॉम्प्युटर आला, आणि घैसासांची झोप उडाली. कॉम्प्युटरवर संशय, संजयवर संशय, आणि संजयला हसून 'सबाह अल खैर' म्हणणाऱ्या मुदीरवर, म्हणजे मालकावर, तर सगळ्यात जास्त.

त्याच वर्षी उन्हाळ्याआधी शहरबानू ऑफिसात आली.

सत्तरीकडे झुकलेली इमिराती विधवा. काळा अबाया, डोळ्यांत काजळ, हातात काठी, आणि काठी टेकायला कमी, आपटायलाच जास्त. तिच्या बापाची गलबतं मुंबईला जायची, लहानपणाची काही वर्षं तिने भेंडी बाजारात काढलेली, त्यामुळे हिंदी फर्डं. अल खवानीजला तिची जमीन होती, तिथे तिला घर बांधायचं होतं. तिने टेबलावर दोन प्लॅन फेकले. दोन्ही दुसऱ्या ऑफिसांनी काढलेले, दोन्हींवर लाल शाईने फुली.

"सब पेड़ काटता है," ती म्हणाली. "मैं बोली, पेड़ रहेगा, घर पेड़ के बाजू से जाएगा. सब 'हाँ हाँ' बोलता और काटता."

संजय पुढे सरसावला. "मॅडम, वी विल गिव्ह यू बेटर ट्रीज. खजूर, फुल ग्रोन, एक ही दिन में लगा देंगे."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यात टाइल आखत बसलेल्या घैसासांकडे काठी रोखून ती मुदीरला म्हणाली, "वो बुड्ढा क्या करता? उसको भेजो."

घैसास तेव्हा पन्नाशीचेसुद्धा नव्हते. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्याहून मोठी काळजी अशी, की मलाच का? बाथरूमवाल्याला अख्खं घर का देतायत? जमलं नाही तर ते निमित्त करून काढायला बरं, दुसरं काय! मुदीरनेही तशी सोय करून ठेवली. "घैसास, पेड़ गया तो क्लायंट गया. क्लायंट गया तो..." एवढं बोलून त्याने विमान उडाल्यासारखा हात केला.

खवानीजला तेव्हा नुसती वाळू. त्या वाळूत तीन झाडं, घाफची. एका ओळीत असतील तर शपथ! दोन दोहोंकडे, आणि मधलं सगळ्यात जाड, वाकडं, फांद्या खाली लोंबलेल्या. घैसासांनी टेप लावून मापं घेतली आणि न राहवून विचारलं, "अम्मा, ये पेड़ क्यों रखना है?"

"मेरी माँ गर्मी में इधर बैठती थी."

"और?"

"और क्या? बस."

एवढ्यासाठी कोणी अख्खं घर वाकडं बांधतं का? घैसासांच्या कपाळावर आठ्या पडल्या. थडगं असेल. पुरलेलं काहीतरी असेल. शेजारच्या जमिनीशी हद्दीचा तंटा असेल, आणि झाड म्हणजे खूण असेल. त्यांनी साइटच्या पठाण वॉचमनला खोदून खोदून विचारलं, म्हातारीच्या ड्रायव्हरला चहा पाजला, पण कुणी ताकास तूर लागू देईना. म्हणजे त्यांना तसं वाटलं. सांगण्यासारखं काही नव्हतंच, तर ते बिचारे सांगणार काय!

निघताना त्यांनी सहज मधल्या झाडाची एक डहाळी ओढली. बारीक बारीक पानं, मधूनच नखाएवढा काटा. हात थांबला. हे पान त्यांनी दर भाद्रपदात ताम्हनात पाहिलं होतं. संध्याकाळी दारातूनच ते ओरडले, "कुंदा, अगं ऐकलंस का? ती म्हातारीची झाडं म्हणजे शमी आहे, शमी! इथले लोक घाफ म्हणतात, पण आपलीच शमी. आणि आपण दरवर्षी गणपतीला पुण्याहून वाळलेली पानं मागवतो!"

"काय सांगता!" कुंदा म्हणाली, आणि पोळी उलटायची राहून गेली.

मग त्यांनी घर आखायला घेतलं, आणि खरं सांगायचं तर त्या महिन्यात हा माणूस कोणी वेगळाच होता. फक्कीची पिशवी घेऊन ते साइटवर जायचे. भर दुपारी सावली जिथे पडेल तिथे पांढरी रेघ मारायची, दुपार कलल्यावर असरच्या बांगेला पुन्हा जाऊन पुन्हा मारायची. वाळूत सावल्यांचा नकाशा तयार झाला, आणि त्या नकाशात त्यांनी खोल्या बसवल्या. मधलं झाड अंगणात, तिन्ही बाजूंनी घर त्याला कवेत घेतलेलं. स्वयंपाकघराची पायरी अशी, की दुपार कलली की सावली बरोबर तिथवर यावी. पायासाठी सलग चर खणायचा नाही. मुळं चुकवून हाताने खड्डे घ्यायचे, खड्ड्यांत खांब, खांबांवर बीम, आणि बीमखालून मुळं आपल्या वाटेने जातील. एका फांदीसाठी त्यांनी गच्चीचा कोपराच कापला.

संजयने ड्रॉइंग पाहिलं. "घैसास साहेब, हे घर आहे की भूलभुलैया?"

हा आज हसतोय, उद्या चोरेल, असं मनात म्हणून घैसासांनी ड्रॉइंग कुलपात ठेवलं. शहरबानूने मात्र ते टेबलावर पसरून बराच वेळ पाहिलं. पायरीवर बोट ठेवलं. फुली मारली नाही. उठताना एवढंच म्हणाली, "पेड़ को कुछ हुआ तो मैं तेरे को नहीं छोड़ेगी. तेरे पे भी मेरा भरोसा नहीं है." घैसासांना बाई तेवढ्यापुरती फार आवडली.

काम सुरू झालं. ठेकेदाराचा सुतारफोरमन किसन हा संगमनेरकडचा, धिप्पाड, मोठ्या आवाजाचा. पहिल्याच दिवशी त्याने टोपी मागे सारून वर पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, राग मानू नका. मधलं झाड काढलं ना, तर स्लॅब एका दमात होईल. ह्या फांदीपायी माझी पोरं महिनाभर खोळंबणार." झालं! घैसासांनी तेव्हाच त्याच्या नावापुढे मनातल्या मनात खूण करून टाकली. किसन पाणी प्यायला झाडाखाली गेला तरी ते डोळ्यांत तेल घालून बघायचे.

भाद्रपद आला. अल मनखूलच्या त्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं बरीच, गणपती तीन-चार ठिकाणी. घैसासांच्या घरचा दीड दिवसाचा. ताम्हनात दूर्वा, जास्वंद, शमी, सगळं मांडलेलं. घैसास सोवळ्यात बसून एकेक पान वाहत होते आणि मधूनच नारळावरून कुरकुरत होते. "चार दिरहम! म्हणजे चाळीस रुपये! एका नारळाला! नक्की जुना माल खपवला त्याने." अस्मी म्हणाली, "बाबा, जस्ट डू द पूजा." नारळ फोडल्यावर त्यांनी तो हुंगून पाहिला. चांगला निघाला, तरी त्यांचं समाधान झालं नाही.

सुट्टी संपवून ते साइटवर गेले तर शहरबानू आधीच उभी. मधल्या झाडाखाली. काठी वाळूत रुतलेली.

मधल्या झाडाच्या खालच्या फांद्या तोडलेल्या होत्या. मोडलेल्या नाहीत, तोडलेल्या, सुरीने, स्वच्छ. एका अंगाने झाड भादरल्यासारखं दिसत होतं. घैसासांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांनी हात लावून पाहिलं, डिंक अजून ओला होता.

"थोड़ा थोड़ा काटता," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "फिर एक दिन बोलता, अम्मा, पेड़ मर गया. मेरे को सब मालूम. काम बंद! जिसने काटा उसका नाम बोलो. नहीं तो घर भी नहीं और तुम्हारा ऑफिस भी नहीं."

मुदीर आला, ठेकेदाराचा मॅनेजर आला. सगळे घैसासांकडे बघायला लागले. पठाण वॉचमन पुढे होऊन हात जोडून म्हणाला, "साब, जुम्मे को वो आपका..."

"तू गप रे!" घैसास खेकसले. "तुझसे किसने पूछा? गेट पे सोता है और बात करता है!"

वॉचमन मागे सरकला.

घैसासांच्या डोळ्यांपुढे मुदीरचा तो विमान उडवणारा हात आला. अस्मीची शाळा आली. आणि त्याहून जास्त, ते घर आलं, आयुष्यात पहिल्यांदा नळापासून नव्हे तर दारापासून आखलेलं. त्यांनी किसनकडे बोट दाखवलं. "ये. ये पहले दिन से बोलता था, पेड़ निकालो."

किसन आधी हसला, त्याला ते खरंच वाटेना. मग त्याचा चेहरा उतरला. "साहेब, मी म्हणालो होतो, पण तुमच्या तोंडावर म्हणालो होतो. चोरून तोडणारा तोंडावर बोलेल का?"

लबाड माणूस अगदी असंच बोलतो, असं घैसासांना वाटलं, आणि ते तिथून वळले.

किसनला त्याच दिवशी सोनापूरच्या मजुरांच्या कॅम्पात पाठवलं. व्हिसा रद्द करायला टाकला. कागद व्हायला महिना लागणार होता, तोवर बिनकामाचा बसून राहायचं आणि मग तिकीट. काम पुन्हा सुरू झालं. घरी घैसासांनी यातलं अक्षर सांगितलं नाही. घरात बोललं की ते महाराष्ट्र मंडळात जातं, मंडळातून कुणाच्या मेव्हण्याकडे आणि मेव्हण्याकडून ठेकेदाराकडे, हा त्यांचा ठाम समज. कुंदाने दोनदा विचारलं, "चेहरा का असा?" तर म्हणाले, "ऊन लागलं." तिनेही मग विचारणं सोडलं.

दसऱ्याला सगळी मंडळी चौथ्या मजल्यावर प्रकाश आणि शोभनाच्या घरी जमली. प्रकाश बँकेतला, शोभना म्हणजे कुंदाची जिवाभावाची मैत्रीण. दुबईत आपट्याची पानं कुठून येणार? दरवर्षी शोभना सोनेरी कागदाची पानं कापायची आणि तीच सगळे एकमेकांना द्यायचे. दारातच प्रकाशने घैसासांना मिठी मारली आणि मुठीतलं काहीतरी त्यांच्या हातात कोंबलं.

"घ्या घैसास, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा! आणि यंदा कागद नाही हं! यंदा खरी शमी!"

घैसासांनी मूठ उघडली. बारीक बारीक पानं, मधूनच नखाएवढा काटा.

त्यांना काही म्हणायला वेळच मिळेना. एकामागून एक माणसं येत होती. "सोनं घ्या, घैसासकाका." "सोन्यासारखं राहा हो." शेजारची तन्मय आणि शुभ्रा ही पोरं वाकून नमस्कार करत होती आणि वर "हॅपी दसरा, अंकल!" म्हणून पानं देत होती. शर्टाचा खिसा भरला, पँटचे खिसे भरले, दोन्ही मुठी भरल्या. शहरबानूचं झाड मूठमूठ करून त्यांच्या अंगावर येत होतं आणि देणारा प्रत्येक जण हसत होता.

त्यांनी कुंदाला जिन्यात ओढलं. "कुठून आणली?"

"काय कुठून आणली?"

"शमी, कुंदा! शमी कुठून आणली?"

"अहो, तुमच्याच साइटवरून!" कुंदाला त्यांचा आवाजच कळेना. "तुम्हीच नाही का दारातून ओरडत आलात, आपलीच शमी म्हणून? शुक्रवारी साइट बंद असते, प्रकाशभावजींनी गाडी काढली, मी नि शोभना गेलो. वॉचमनला म्हटलं, इंजिनीअर साहेबांची मिसेस. त्याने स्टूलसुद्धा आणून दिलं बिचाऱ्याने. काल पुन्हा गेलो होतो, ह्या वेळी तो मधल्या झाडाला हात लावू देईना, म्हणून पलीकडच्या झाडाची आणली. सगळ्यांना हवी होती हो."

"आणि गणपतीला?"

"गणपतीलाही तीच. तुम्ही स्वतः वाहिलीत की! एकेक पान, मंत्र म्हणून."

घैसास पायरीवर बसले. मिरची उजेडात धरणारा माणूस, नारळ हुंगणारा माणूस. ताम्हनातली हिरवीगार, ताजी शमी हातात घेतली आणि कुठून आली हे विचारलं नाही. अख्ख्या जगाला विचारलं, घरात तेवढं विचारलं नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतंत?" कुंदाही आता चिडली. "कोणी पाहिलं, कोण काय म्हणेल, कोणाच्या मनात काय आहे... दहा शंका काढून नुसता जीव खाल्ला असतात. म्हटलं, चार फांद्यांनी काय होतंय!"

मग त्यांनी सांगितलं. किसनचं नावही सांगितलं. कुंदाने तोंडावर पदर धरला. आतून कोणीतरी "जेवायला चला" म्हणून हाका मारत होतं, पण दोघंही जागची हलली नाहीत. किसनचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं.

आता बघा, गप्प बसले असते तर कुणाला काय कळणार होतं? वॉचमन घाबरलेला, कुंदा घरची, झाड मुकं. घर पुरं झालं असतं, आणि पाटीवर नाही तरी मनात घैसासांचं नाव राहिलं असतं. हा हिशेब त्यांनी केला नाही असं मी म्हणणार नाही. केला. चांगला सकाळपर्यंत केला. सकाळी कुंदा साडी नेसून, पायांत चपला घालून दारात उभी होती. उरलेली शमी तिने एका पिशवीत घेतली होती. "चला," ती म्हणाली. "तुम्ही नाही आलात तर मी टॅक्सीने जाईन."

राशिदियातल्या घरी शहरबानू गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पीत बसली होती. कुंदाने पिशवी तिच्यापुढे ठेवली. "मौसी, पेड़ मैंने काटा. गणपति के लिए. पूछा नहीं, चोरी हुई."

म्हातारीने एक डहाळी काढून बोटांत फिरवली. "क्या करता तुम लोग इसका?"

"भगवान को चढ़ाते हैं. और दशहरे को एक दूसरे को देते हैं, सोना बोलके."

"मेरे पेड़ को सोना बोलता?"

"हाँ."

म्हातारीने कुंदाला बसायची खूण केली आणि घैसासांना मात्र उभंच ठेवलं.

"औरत ने पूछा नहीं, वो ग़लती. मेरे को चलता. तूने उस आदमी का नाम लिया. तूने देखा था?"

"नहीं, अम्मा."

"फिर?"

"शक था."

"शक तो मेरे को भी तेरे पे था," शहरबानू म्हणाली. "पहले दिन से था. मैंने तेरा नाम लिया क्या?"

तिने गहव्याचा कप खाली ठेवला.

"खलास. किसन वापस आएगा, मैं मुदीर को बोलती. घर वैसा ही बनेगा, जैसा तूने बनाया. लेकिन तू मेरी ज़मीन पे पाँव नहीं रखेगा."

तिने शब्द पाळला. दुपारी कॅम्पात निरोप गेला आणि किसन बॅग उचलायच्या ऐवजी टूलबॉक्स उचलून साइटवर परतला. घराचं काम संजयकडे गेलं. मुदीरने घैसासांना काढलं नाही, पण पुन्हा टाइलच्या टेबलावर बसवलं, आणि इथून पुढे उतार काढायचे ते कॉम्प्युटरवर. संजय मधूनच येऊन विचारायचा, "घैसास साहेब, त्या फांदीखालचा बीम नेमका कसा धरला होतात?" घैसास सांगायचे. हा का विचारतोय, श्रेय लाटायला विचारतोय का, असं मनात यायचं. यायचं आणि जायचं. त्यांनी एकदाही खोटं सांगितलं नाही.

खवानीजच्या रस्त्यानं ते एकदाच गेले. गाडी लांब उभी केली. भिंतीवरून तिन्ही शेंडे दिसत होते, आतलं काही दिसत नव्हतं. गच्चीचा कापलेला कोपरा दिसतोय का, म्हणून मान वाकडी करून पाहिलं. नाही दिसला.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी दाराची बेल वाजली. घैसासांनी सवयीने आधी भोकातून पाहिलं. बाहेर किसन उभा होता. धुतलेला शर्ट, हातात ओल्या फडक्यात बांधलेली जुडी. वर्षभराने हा कशाला आला? हिशेब चुकता करायला? चार शेजाऱ्यांसमोर बोलायला? त्यांनी साखळी न काढता दार उघडलं.

"शमी आहे," किसन म्हणाला. फटीतूनच त्याने जुडी पुढे केली. "विचारून आणलंय, साहेब."

घैसासांनी साखळी काढली. जुडी घेतली नाही. "किसन, मी तुझं नाव घेतलं होतं."

"घेतलं होतंत." त्याने नजर चुकवली नाही. "महिनाभर डोळ्याला डोळा नव्हता. घरी बायकोला फोनवर काय सांगू, हेच कळंना. मी विसरलो नाही साहेब, उगा खोटं कशाला बोलू."

"मग का आलास?"

शेवटी तोंडातून निघालंच. स्वभाव!

"म्हातारीनं पाठवलं. मी तिथंच असतो आता, घराची देखभाल बघतो. गणपती कधी असतो, तिनंच विचारलं मला. फांदी कुठली कापायची तेपण तिनंच काठीनं दाखवलं. आणि निरोप दिलाय. म्हणाली, उस बुड्ढे को बोल, असर को साया सीढ़ी तक आता है."

"पायरीपर्यंत?"

"हां. किचनच्या. तुम्ही फक्की मारली होती ना, बरोबर तिथवर. रोज तिथंच बसते ती, भाजी निवडत."

मागून कुंदा आली. "कोण आहे हो?" असं विचारता विचारता थांबली. घैसास उंबऱ्यातच खाली बसले होते, शमीची जुडी मांडीवर घेऊन, आणि शेजारी बघतील याची पर्वा न करता रडत होते. मग किसनही चपला काढून त्यांच्याशेजारी बसला.